पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरी बदलायचे तर

इंदूरमधल्या कुठल्याही बऱ्या गॅरेजात पुढचे ब्रेक पॅड बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो. चाक काढलं, कॅलिपर (पॅड दोन्ही बाजूंनी दाबणारा लोखंडी चिमटा) उचलला, जुने पॅड बाहेर, नवे आत, चाक जागेवर. मेकॅनिकचं काम चोख असतं, पण त्याच्यामागे चार गाड्या उभ्या असतात. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बाहेर काढून, पुसून, नवं ग्रीस लावून बसवायला त्याला सवड मिळतेच असं नाही. पॅड लवकर संपणं, आतला पॅड झिजून जाणं आणि बाहेरचा तसाच राहणं, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणं, अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ त्या पिनांत असतं.

घरी हे काम केलं की मजुरी वाचते, पण माझ्या लेखी तो दुय्यम फायदा. खरा फायदा हा की अख्खी सकाळ तुमची असते. पॅड बदलणं हे निमित्त समजा आणि त्या निमित्ताने पुढचा सगळा ब्रेक उघडून, नीट पाहून, साफ करून घ्या.

इथे लिहिलंय ते स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन, टियागो यांसारख्या रोजच्या गाड्यांबद्दल. यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि बहुतेकींच्या मागच्या चाकांना ड्रम असतात. ड्रममध्ये पॅड नसतात, लायनर असतात. ते काम वेगळं आहे, त्यात आज हात घालू नका. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक बटणाचा असेल, तर मागचा पिस्टन मागे घेण्यासाठी गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. तेही नवख्याने सोडून द्यावं.

स्टेपनी स्वतः बदलता येत असेल तर पॅड बदलता येतील. ती कधी बदलली नसेल, तर आधी एका रविवारी नुसतं चाक काढून परत लावून बघा. पहिल्या खेपेला सोबत कुणीतरी असू द्या. पाना धरायला, वेळेला हाक मारायला माणूस लागतो.

पॅड संपलेत हे कसं कळतं

नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, मागची लोखंडी पट्टी सोडून. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. सगळे पॅड सारखे झिजत नाहीत, म्हणून मापायचा तो सगळ्यांत पातळ झालेला. अलॉय व्हीलच्या फटीतून डोकावलं की फक्त बाहेरचा पॅड दिसतो. तो जाड दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण आतला बहुधा आधी संपतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने आतल्या बाजूला बघा, नाही दिसलं तर चाक काढा.

आवाजही सांगतो. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी पट्टी असते. थर पातळ झाला की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला, टेकते आणि गाडी चालताना बारीक, सतत चीं असा आवाज येतो. ही कंपनीने दिलेली सूचना आहे, अजून थोडे दिवस हातात आहेत. खरखर, घासल्यासारखा जाड आवाज येत असेल आणि तो पॅडलमधूनही जाणवत असेल, तर थर संपून लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा डिस्कही गेलेली असण्याची शक्यता धरून चाला. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खसखसते, तो मात्र डिस्कवरचा वरवरचा गंज असतो. त्यासाठी काही करायचं नाही.

बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीवरही नजर ठेवा. पॅड झिजले की कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे ऑइल जाऊन बसतं आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली दिसली की लगेच बाटली आणून ओतणारे खूप. आधी पॅड बघा. नवे पॅड घातले की तेच ऑइल टाकीत परत येतं, आणि मध्ये भर घातली असेल तर ते काठावरून बाहेर येतं.

ओंकारेश्वरला जाता-येता सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो. अशा घाटात चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचे पॅड शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांच्या आधी संपतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरलात तर पॅडही टिकतात आणि ब्रेक तापतही नाहीत.

आत काय चालतं

पॅडल दाबलं की ऑइलचा दाब पिस्टनवर येतो. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. छोट्या गाड्यांत बाहेरच्या बाजूला पिस्टनच नसतो. आतला पॅड डिस्कला टेकला की त्याच दाबाने अख्खा कॅलिपर आतल्या दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं त्या दोन पिनांवर होतं. पिना गंजल्या, सुकल्या, मातीने जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा भार आतल्या पॅडवर पडतो, नाहीतर ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि चाक तापतं. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं ६० ते ७० टक्के काम पुढची चाकंच करतात. पुढच्या पिना मोकळ्या असणं किती गरजेचं आहे ते यावरून लक्षात येईल.

खरेदी

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलतात. एका सेटमध्ये चार येतात. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला ओढते.

सरवटे बस स्टँडजवळच्या छोटी ग्वालटोलीत गाड्यांच्या पार्ट्सची दुकानं आहेत. जाताना आरसीचा फोटो घेऊन जा. मॉडेल, वर्ष आणि इंधन तिन्ही सांगा, कारण एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला वेगळे पॅड लागू शकतात. दुकानदार ‘भिया, एकदम ओरिजिनल’ म्हणणारच. त्याच्या बोलण्याइतकंच खोक्याकडे लक्ष द्या: छपाई स्वच्छ हवी, पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली हवी, सील शाबूत हवं, पक्कं बिल मिळायला हवं. कंपनीचे घ्या नाहीतर बॉश, राणे यांसारख्या नावाजलेल्या उत्पादकांचे, दोन्ही चालतात. निम्म्या भावात मिळणारा बिननावाचा सेट नको. ब्रेकच्या बाबतीत मी घासाघीस करत नाही, सीट कव्हरला करतो. नवा पॅड जुन्याशेजारी धरून आकार जुळेपर्यंत बदलून देण्याची बोली आधीच करून ठेवा.

त्याच दुकानात आणखी तीन गोष्टी घ्या. एक, पॅडच्या क्लिपा, सेटसोबत आल्या नसतील तर. दोन, ब्रेक क्लीनरचा स्प्रे. तीन, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. घरात बेअरिंगचं पिवळं ग्रीस पडलंय म्हणून तेच वापरू नका. खनिज तेलाच्या ग्रीसने पिनांचं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिना पहिल्यापेक्षा घट्ट होतात. ब्रेक ऑइलची छोटी सीलबंद बाटलीही घरात असू द्या. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच आणा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरला की ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. म्हणून गेल्या वर्षीची फोडलेली बाटली ब्रेकला वापरायची नाही.

हत्यारं

चाकाच्या नटांसाठी मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ चा आणि ह्युंदाईला २१ चा पाना लागतो. कॅलिपरच्या बोल्टसाठी १२, १४ आणि १७ च्या गोट्या (सॉकेट) आणि एक पातळ फिक्स पाना. पिस्टन दाबायला सुतार वापरतात तो सी-क्लॅम्प. शिवाय वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज, हातभर जाड तार, रद्दी, मास्क, चश्मा आणि हातमोजे. यातलं बरंचसं सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जातं.

दोन वस्तूंवर मात्र पैसे खर्च करा. पहिली, जॅक-स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी पाय. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडी तासभर उभी ठेवायची नसते. दुसरी, टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच आवळता येतो असा पाना. अंदाजाने आवळताना नवखा माणूस बोल्ट सैल ठेवत नाही, उलट जास्त आवळून आटे खराब करतो. विकत घ्यायचा नसेल तर दिवसभरासाठी मागून आणा.

जागा आणि दिवस

जागा सपाट आणि कडक हवी. कॉलनीच्या पार्किंगचा उतार चालणार नाही. प्लॉटवरच्या काळ्या मातीवर जॅक लावायचाच असेल तर खाली जाड लाकडी फळी ठेवा. मालव्याची ही माती वरून वाळलेली दिसते आणि वजन आलं की खचते. पावसाळ्यात तर तिथे काम करूच नका. गुळगुळीत फरशीवर जॅक सरकतो, तिथेही फळी किंवा रबरी मॅट हवी.

काम शनिवारी सकाळी काढा, रविवारी नको. एखादी पिन तुटली, क्लिप हरवली, तर शनिवारी दुकान उघडं असतं. रविवारी गाडी तीन चाकांवर आणि तुम्ही रिक्षात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर तासभर थंड होऊ द्या, तापलेली डिस्क हात चांगलाच भाजते.

गाडी उचलणं

हँडब्रेक ओढा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून विटा लावा. गिअरमध्ये ठेवली की गाडी हलत नाही असं बरेच जण मानतात. पण आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं. त्यातलं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरू शकतं आणि गिअरची पकड जवळजवळ संपते. गाडी धरून ठेवतात त्या हँडब्रेक आणि विटा.

कॅलिपर ज्या अंगाला आहे ती बाजू बाहेर येईल असं स्टिअरिंग वळवून ठेवा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावा, उचला, जॅक-स्टँड सरकवा आणि गाडी हळूच स्टँडवर टेकवा. काढलेलं चाक बाजूला भिंतीला टेकून ठेवू नका, गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्या पायावर नाही. आता गाडीला दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. ती डगमगली तर उतरवा आणि पुन्हा लावा.

एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी शाबूत बाजू नमुन्यासाठी लागते. शिवाय दोन्ही कॅलिपर सुटे असताना एकाचा पिस्टन दाबला, तर दुसरीकडचा बाहेर येऊन पडू शकतो. काम चालू असताना ब्रेकचं पॅडल कुणीही दाबायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर गाडी कुलूपबंद करून किल्ली खिशात ठेवा.

उघडणं

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनर मारून धूळ ओलीच पुसून घ्या. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने उडवायची नाही. स्वस्त आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही.

बॉनेट उघडून ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा, भोवती फडकं गुंडाळा. पातळी वरच्या रेषेजवळ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. हे ऑइल रंग खातं. बॉनेटवर किंवा फेंडरवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं पुसलं तर ते आणखी पसरतं.

कॅलिपरच्या मागे वर-खाली दोन बोल्ट दिसतील. बऱ्याच गाड्यांत खालचा एकच काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखा वर उघडतो. बोल्टाबरोबर पिनही फिरायला लागली तर ती पातळ फिक्स पान्याने धरा. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: तुम्ही बोल्टाकडे मागून बघत असता, त्यामुळे सैल करायची दिशा उलटी वाटते. बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून बसा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर आणि पॅड ज्या चौकटीत बसतात तिचे, दोन जाड बोल्टही तिथेच असतात. ते डिस्क काढण्यासाठी आहेत, त्यांना हात लावू नका.

कॅलिपर वर टिकत नसेल, किंवा पूर्ण काढावा लागला, तर तारेने चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या रबरी पाइपवर त्याचं वजन एक क्षणही येता कामा नये. बाहेरून पाइप ठीक दिसतो, चीर आतून पडते.

जुने पॅड वाचणं

पॅड काढून फेकायच्या आधी आतला-बाहेरचा शेजारी ठेवा. दोन्ही जवळपास सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट सरकतोय. आतला पॅड बराच पातळ असेल तर पिना जाम आहेत, किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन अडकलीय किंवा पॅड ब्रॅकेटच्या खाचेत रुतून बसतोय. डाव्या-उजव्या चाकांत फार फरक असेल तर दोष एका बाजूच्या कॅलिपरमध्ये आहे. हे टिपून ठेवा, उद्या मेकॅनिककडे जायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

आता डिस्क. तिच्यावर किंवा काठावर बहुधा किमान जाडी कोरलेली असते. काठाची उभी राहिलेली कड टाळून व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) जाडी मोजा. त्या आकड्याच्या खाली गेली असेल, तडा दिसत असेल किंवा नख अडकेल इतकी खोल चरे असतील, तर नुसते पॅड घालून भागणार नाही. बारीक रेघा चालतात. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कच्या जाडीत फरक पडला असण्याची शक्यता आहे, तेही आताच दाखवून घ्या.

पिना

घाई कुठेही करा, इथे करू नका. कॅलिपर बाजूला केला की दोन्ही पिना ब्रॅकेटमधून हाताने ओढून काढता आल्या पाहिजेत. वरची कुठली आणि खालची कुठली याची खूण करा. पुष्कळ गाड्यांत त्या वेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, आणि अदलाबदल झाली की कॅलिपर अडकतो. पिन फिरवून-फिरवून ओढा. रबरी टोपण फाटू देऊ नका. ते आधीच फाटलेलं असेल तर नवं घ्यावं लागेल, कारण पावसाळ्यातला चिखल तिथूनच आत गेलेला असतो.

जुनं ग्रीस काळं, घट्ट, कधी मेणासारखं झालेलं दिसेल. ते फडक्याने आणि क्लीनरने पूर्ण काढा. ज्या भोकात पिन बसते तेही साफ करा, बारीक काडीला कापड गुंडाळून, कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत. पिनेवर हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. खड्डे पडले असतील तर पिन बदला, घासून उपयोग नाही, खड्ड्यात पाणी साचून गंज परत येतो.

सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पिनेवर सगळीकडे लावा. भोक ग्रीसने भरू नका. पिन आत ढकलली की मागे हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते. नीट बसलेली पिन दोन बोटांनी आत-बाहेर सरकते आणि टोपणाची कड तिच्या खाचेत बसलेली असते. हा सरकण्याचा गुळगुळीतपणा हाताला कळला की समजा सकाळ कारणी लागली.

पिन हाताने निघतच नसेल तर हातोडी उचलू नका. बाहेरून गंज सोडवणारं तेल फवारून वाट बघणं, गरम करणं, हे जाणत्याचं काम आहे. सगळं परत जोडून, पॅडल नीट लागतं याची खात्री करून गाडी सावकाश गॅरेजात न्या. पॅड लोखंडाला लागले असतील तर मेकॅनिकलाच घरी बोलवा.

पिस्टन, क्लिपा, नवे पॅड

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथल्या जुन्या क्लिपा काढा आणि खालचा गंज वायर ब्रशने खरवडा. गंज राहिला की क्लिप वर उचलली जाते, पॅड घट्ट बसतो. नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटाने सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागू नये.

जुना पॅड पिस्टनवर आडवा धरा आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. पाव-पाव फेरा, मध्ये थांबत. सोबतच्या माणसाला टाकीकडे बघायला सांगा, ऑइल वर येईल, जास्त झालं तर सिरिंजने ओढा. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं, किंवा तिथे ओल दिसली तर ते ऑइल गळतंय. पॅड बदलून ते थांबणार नाही, कॅलिपरचं काम निघेल. बेताचा जोर लावूनही पिस्टन हलत नसेल, तरीही तेच.

आता नवे पॅड. घासणारा थर डिस्ककडे, लोखंडी पट्टी बाहेर. वाचायला हे गमतीचं वाटेल, पण उलटे बसवलेले पॅड गॅरेजात येतात. आवाज करणारी पोलादी पट्टी जुन्या पॅडवर जिथे होती तिथेच नव्यावर यायला हवी, बहुधा आतल्या पॅडला. पॅडच्या कानांना आणि मागे पिस्टन टेकतो त्या जागी ग्रीसचा अगदी बारीक थर. घासणाऱ्या भागाला आणि डिस्कला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. लागलंच तर क्लीनरने लगेच पुसा. पॅड ग्रीसने माखला तर तो गेला.

कॅलिपर खाली घ्या, बोल्ट आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पान्याने आवळा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण २२ ते ३५ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे वाटतो त्यापेक्षा बराच कमी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. चाक लावा, नट हाताने बसवा, गाडी उतरवा आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. हेही मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या मध्ये.

पॅडल, सर्वांत आधी

दुसरी बाजू उघडण्याआधी आत बसा आणि इंजिन बंद ठेवूनच पॅडल सावकाश दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल. घाबरू नका, पिस्टन मागे ढकललाय, तो पॅडपर्यंत यायला काही दाब लागतात. कडक झालं की दुसरी बाजू घ्या आणि शेवटी पुन्हा हेच करा. हे न करता गाडी गिअरमध्ये टाकून गेटबाहेर काढली, तर पहिला ब्रेक लागत नाही, आणि समोर बहुधा कुणाची तरी स्कूटर उभी असते.

इंजिन चालू करून पुन्हा दाबा. पॅडल थोडं खाली जाऊन घट्ट थांबलं पाहिजे. स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा आहे, गाडी रस्त्यावर नेऊ नका. टाकीतली पातळी दोन रेषांच्या मध्ये आहे ना ते बघून झाकण लावा. मग आवारातच चालण्याच्या वेगाने पुढे-मागे करून ब्रेक दोन-चारदा लावा.

नवे पॅड मुरवणं

नवा पॅड लगेच पूर्ण पकड देत नाही. त्याचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. सुपर कॉरिडॉरसारखा रुंद रस्ता पहाटे मोकळा असतो, तिथे जा. मागे कुणी नाही ना हे आरशात बघून, ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक लावून वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं ८ ते १० वेळा, दर खेपेच्या मध्ये थोडं अंतर सरळ चालवत, म्हणजे डिस्क थंड होईल. लगेच सिग्नल आला आणि थांबावं लागलं तर पॅडल दाबून धरू नका, सपाटीवर हँडब्रेकने भागवा. तापलेला पॅड एकाच जागी चिकटून राहिला की तिथे डाग पडतो आणि पुढे तिथेच थरथर येते. थोडा जळका वास येईल, तो जातो. पहिले २००-३०० किलोमीटर अंतर जरा जास्त राखून चालवा आणि या दिवसांत घाटाचा बेत ठेवू नका.

उरलेल्या सामानाचं काय? सिरिंजने काढलेलं ब्रेक ऑइल नालीत ओतू नका, टाकीत परतही घालू नका. झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, ऑइलची बाटली आणि माखलेली फडकी त्यात द्या. जुने पॅड मात्र आठवडाभर डिकीत राहू द्या. काही बिनसलं तर मेकॅनिक सर्वांत आधी तेच मागेल.

या आठवड्यात काय चालेल आणि काय नाही? पहिले दोन-तीन दिवस हलकी कुजबुज चालते. ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. शहरात फिरून आल्यावर चाकाजवळ हात न्या, स्पर्श करू नका: एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं जाणवलं तर त्या बाजूचा कॅलिपर अडकतोय. ब्रेकला गाडी ओढत असेल तर त्या बाजूच्या पिना परत बघा. पॅडल रोज थोडं-थोडं खाली जात असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर तपासत बसू नका. गाडी जिथे आहे तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला तिथे बोलवा.